छातीचं दुखणं अन् मापाची ब्रा: आमच्या तालुक्याच्या लेडीज दुकानाचा अनुभव

वर्धा जिल्ह्यातलं खेडं आमचं. दुकान तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एक बाईच चालवते. रिव्ह्यू ब्राचा आहे पण आधी दुखण्याचं सांगते, नाहीतर कोणाले समजणार नाही का मी एवढं काहून लिहून राहिली.

पाळीच्या आठ-दहा दिवस आधी माझी छाती अशी भरून यायची का पोराचा हात लागला तरी डोळ्यात पाणी, दोन्ही बाजूनं, काखेकडे जास्त, अन् पाळी सुरू झाली का दोन दिवसात सगळं मोकळं. कापूस वेचताना तर लय हाल, पोटाशी ओटी बांधलेली, दिवसभर वाकून काम, अन् ब्राचे पट्टे खांद्यात रुतलेले. चार वर्षं असेच काढले. मनात भीती कॅन्सरचीच पण बोलावं कोणाशी, घरी छाती दुखते म्हटलं का नवरा म्हणते चल ईसीजी काढू.

आशाताईनं सांगितलं का कॅलेंडरवर दुखते त्या दिवसाले टिंब दे अन् पाळीच्या दिवसाले गोल कर. तीन महिने केलं तर सगळे टिंब गोलाच्या आधीच निघाले! तेच कॅलेंडर घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेली. मॅडमनं हातानं नीट तपासलं, गाठ नाही म्हणाल्या, पाळीच्या आधी हार्मोन वर-खाली होतात त्यानं छाती सुजल्यासारखी जड होते अन् दुखते, नुसतं दुखणं हे बहुतेक वेळा कॅन्सरचं लक्षण नसते. पण गाठ लागली, बोंडीतून रक्त किंवा आपोआप पाणी आलं, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, किंवा एकाच जागी कायम दुखत राहिलं तर एक दिवस थांबायचं नाही. अंगावर पाजणारी असन अन् लाल होऊन ताप आला तर तेही लगेच दाखवायचं. मेडिकलमधून मी प्रिमरोज तेलाच्या महागड्या गोळ्या आणल्या होत्या, त्याचा खास फायदा दिसलेला नाही म्हणाल्या. डायक्लोफेनॅकचं जेल लिहून दिलं, लय दुखलं तेव्हाच लावते (दिवस गेले असन किंवा पाजत असन तर विचारल्याशिवाय लावू नका). अन् मग म्हणाल्या, ही ब्रा तुमच्या मापाची नाही.

मले मापच माहीत नव्हतं! लग्नापासून आठवडी बाजारातून "36 दे" म्हणायची, 80-100 रुपयात यायची, माणसाच्या हातून घ्यायची म्हणून कागदात गुंडाळली का सरळ पिशवीत.

या दुकानातल्या बाईनं पडद्यामागं नेऊन टेपनं माप घेतलं, छातीच्या खाली 34 अन् वरून 38, चार इंचाचा फरक म्हणून 34 डी (34 खालच्या पट्ट्याचं माप, डी वाटीचं). मी इतके वर्षं 36 बी घालत होती, म्हणजे खालचा पट्टा ढिला अन् वाटी लहान. तिनं समजावलं का वजन खालच्या पट्ट्यानं धरायचं असते, खांद्याच्या पट्ट्यानं नाही. खालच्या पट्ट्यात दोन बोटं जावी, हात वर केला तर तो वर सरकू नये. तीन घालून पाहिल्या, वावरात वाकतो तशी वाकून पाहिलं, कोणतीच घाई केली नाही तिनं. सुती, बिनतारेची, रुंद पट्ट्याची घेतली, 340 ची एक, दोन घेतल्या. त्या आठ दिवसात रात्री घालाले एक मऊ ढिली पण दिली, 180 ची.

पाच महिने झाले. दुखणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही, छाती अजूनही जड होते, पण वेचणीले जाता येते अन् कुशीवर झोपता येते. मले तेवढं लय आहे. सुती कापड धुवून थोडं सैल झालं, आता शेवटच्या हुकावर आली, म्हणून नवीन घेताना पहिल्या ढिल्या हुकावर बरोबर बसन अशीच घ्या.

माझ्या तेरा वर्षाच्या पोरीलेही नेलं. तिले एकाच बाजूले बोंडीखाली सुपारीसारखं लागून दुखत होतं, मी घाबरली होती, पण या वयात छाती वाढाले लागते तेव्हा आधी एका बाजूनं असं होते हे दवाखान्यातच समजलं. दुकानवालीनं तिच्याशी जे प्रेमानं बोललं ना, पोरगी लाजली नाही, हे मी विसरणार नाही.

कमी म्हणजे पडद्यामागची जागा लय चिंचोळी, लाइट गेली तर काही दिसत नाही, अन् 40 च्या वरचं माप ठेवत नाही, माझ्या जावेचं मागवाले आठ दिवस लागले. धुतलेला माल परत घेत नाही. बाई सकाळी 11 ते 2 असते, नंतर तिचा पोरगा बसते, म्हणून माप द्यायचं असन तर सकाळच्या एसटीनंच जा.