अळणी एकच, रस्से दोन: राजारामपुरीतली ‘एकच ओपनिंग, दोन्ही रंग’ बॅच

कोल्हापूरच्या राजारामपुरीतली ही बुद्धिबळाची बॅच: चार रविवार, सकाळी दोन-दोन तास, फी बाराशे. पत्रकावर एवढंच छापलंय की पांढरे घ्या नाहीतर काळे, मोहरी तीच मांडा. जाहिरात म्हणून ठीक आहे, पण खरं अर्धंच. कोल्हापुरात तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से एकाच अळणी पाण्यावर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावर होतात, तरी एकाचं वाटण दुसऱ्यात घातलं तर दोन्ही बिघडतात. या बॅचमधली ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवातीची मांडणी, किंग्ज इंडियन; तिचंही तसंच. बॅच चांगली आहे ती एवढ्यासाठी, की पहिल्या तासातच शिक्षक आपल्याच पत्रकातली ही पळवाट बंद करतात.

पहिला रविवार पांढऱ्यांचा. घोडा एफ३, प्यादं जी३, उंट जी२, कॅसलिंग (राजा-हत्तीची जोडखेळी), डी३, घोडा डी२ आणि मग ई४ (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर, आणि नुसतं घर लिहिलं की खेळी प्याद्याची). क्रम पाठ करून घेत नाहीत, कोणती खेळी कधी लांबवायची ते सांगतात. समोरच्याला ई५ सहज मिळू द्यायचं नसेल तर सुरुवात घोडा एफ३ने. ई४ने सुरुवात केली आणि उत्तर ई६ आलं, तर लगेच डी३. ई४ला ई५ आलं तर हाच साचा फार संथ पडतो, तिथे दुसरं काहीतरी येत असलेलं बरं. हे स्पष्ट सांगणारे शिक्षक कमी.

फ्रेंच बचावाविरुद्धचा, म्हणजे ई४ला ई६ आल्यावरचा हल्ला मात्र पोटभर शिकवलाय. ई४चं प्यादं ई५वर, हत्ती ई१, एच४, डी२चा घोडा एफ१-एच२-जी४ असा फिरवायचा, उंट एफ४वर. नमुन्याला पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरचा १९६७ सालचा, ट्युनिशियातल्या सूसचा डाव, मंगोलियाच्या मियागमारसुरेनविरुद्धचा. ३१व्या खेळीला वजीर एच७वर देऊन संपलेला. सगळे त्या वजिरापाशी थांबतात. इथे वेळ दिला तो ११व्या खेळीतल्या एच४ला, आणि ते योग्यच. नवखे खेळाडू चुकतात ते दोन ठिकाणी. एक, ई५चं प्यादं पुढे गेलं की ते सांभाळावं लागतं: हत्ती, एफ३चा घोडा, उंट, गरज पडली तर वजीर ई२. काळ्याचा वजीर सी७वर आला की मारणारे किती, राखणारे किती, ही मोजणी सुरू. दुसरं, काळ्याने कॅसलिंग केलेलंच नसताना ई५ ढकलणं. मग तो जी५ने आपल्याच अंगावर येतो, लांब, म्हणजे वजिराकडच्या बाजूला कॅसलिंग करतो, आणि आपला एच-प्याद्याचा हल्ला रिकाम्या घरावर. त्याचा राजा कुठे जातो हे कळेपर्यंत ई४वरच थांबायचं.

दुसऱ्या रविवारी पट फिरवला. डी४ला घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६, कॅसलिंग, ई५. पांढऱ्याने डी५ने मधला भाग बंद केला की एफ६चा घोडा बाजूला काढून एफ५. पांढऱ्यांकडून ई५ ढकलायची सवय लागलेला हात इथे गोंधळतो, कारण इथे फोडायचं ते एफ-प्याद्याने, आणि घोडा त्याच्याच वाटेत उभा असतो. पांढऱ्याने बंद करण्याऐवजी ई५वर मारामारी करून वजीर बदलले, तर ई५चं प्यादं फुकट गेलं असं वाटतं. जात नाही. घोड्याने ते घेतलं की आपला घोडा ई४ घेतो आणि जी७चा उंट मोकळा होतो. आपल्या त्या घोड्याला मारलं की आपला उंट ई५वरचा घोडा मारतो.

तिसरा रविवार या बॅचचा जीव. विषय एकच: पांढऱ्यांकडे जी एक खेळी जास्त असते, तिचं करायचं काय? समोरच्याने डी५, सी५, ई५ मांडून डी४ ढकललं, की हा चक्क उलटा किंग्ज इंडियन. जास्तीची खेळी ए४ला द्यायची. बी५ थांबतं, सी४वर घोड्याला घर मिळतं, तिथून ई५वर डोळा. मग एफ३चा घोडा हलवून एफ४. काळ्यांकडूनही हेच, ए५ आणि घोडा ए६मार्गे सी५वर, फक्त एक पाऊल उशिरा. त्या एका पावलाने बी-प्याद्याची शर्यत हरता येते, म्हणून काळ्यांनी राजाकडचा हल्ला लांबवायचा नसतो.

लंडन सिस्टिमवरचं (डी४ आणि उंट एफ४ ही मांडणी) उदाहरण तर झकास. पांढऱ्याचा उंट एफ४वर असेल तर घोडा डी७, वजीर ई८ आणि ई५. काळ्याने उंट एफ५वर आणला तर आरशात बघावं तसं घोडा डी२, वजीर ई१ आणि ई४. दोन्ही रंगांत एकच कल्पना हुबेहूब चालते ती इथे.

उणिवा आहेत. ई४विरुद्ध काळ्यांनी काय करायचं, याला जेमतेम अर्धा तास. ई४ला लगेच घोडा एफ६ काढला तर ई५ने घोडा हाकलला जातो आणि साचा मोडतो, म्हणून आधी डी६. एवढं सांगून या पिर्क बचावावरून पुढे सरकतात. पांढऱ्याने एफ४ लावलं तर सी५, आणि प्यादं घेतल्यावर वजीर ए५. उंट ई३ आणि वजीर डी२ आला तर कॅसलिंगची घाई नको, आधी सी६ आणि बी५. हे कुठेतरी पुस्तिकेच्या कोपऱ्यात आहे, पटावर दाखवायला हवं होतं. मुलांना स्पर्धेत ई४च जास्त भेटतं.

पुस्तिकेची दुसरी खोड अशी की सगळ्या आकृत्या पांढऱ्याच्या बाजूने छापल्यात. दोन्ही रंगांच्या बॅचमध्ये काळ्यांचे डाव उलटे वाचावे लागतात. घरी पट मांडून, काळ्यांच्या बाजूला बसूनच ती वाचा.

चौथ्या रविवारी जोड्या लावून रंग बदलत दोन-दोन डाव, १५ मिनिटं अधिक दर खेळीला १० सेकंद. डाव संपल्यावर विचारतात ते जिंकलास का हे नाही, कोणतं प्यादं फोडलंस आणि का.

रेटिंग १५००च्या आतल्यांना पैसे वसूल. त्यावरच्यांनी फक्त तिसऱ्या रविवारचं विचारून बघावं, त्या एका दिवसाची वेगळी फी घेतात. येताना वही आणा, आणि गाडी लांब लावायची तयारी ठेवा.