तारकाचक्र चांगलंय, फक्त आपल्या गावचं नाही

ऑनलाइन मागवलं, फिरवायचं तारकाचक्र (तारीख-वेळ जुळवली की तेव्हाचं आकाश दाखवणारी तबकडी) आणि सोबत खगोलातल्या शब्दांची पुस्तिका, मिळून 650 रुपये. मी घेतलं ते पुस्तिकेसाठीच, कारण आकाशाबद्दल काही वाचायला बसलं की राइट असेन्शन, डेक्लिनेशन, मॅग्निट्यूड, दुसऱ्या ओळीतच गाडी अडकायची.

पुस्तिका इंग्लिशमधे आहे पण झकास. राइट असेन्शन म्हणजे आपला विषुवांश, आकाशातला रेखांशच म्हणा, आणि तो अंशात न सांगता तासात का सांगतात ते आत्ता कुठे कळलं, आकाश साधारण 24 तासात एक फेरी मारतं म्हणून एक तास म्हणजे 15 अंश, बस. मॅग्निट्यूड म्हणजे प्रत, आकडा जितका लहान तितका तारा ठळक, ध्रुव साधारण 2 आणि व्याध चक्क उणे 1.46. लेकीला पटेना, मग विचारलं वर्गात पहिला नंबर भारी की चाळिसावा, तेव्हा गप्प झाली.

आता चक्र. पुठ्ठा जाड, फिरतं छान. फेब्रुवारीत रात्री नऊला इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या गच्चीवर नेलं, तारीख-वेळ जुळवली, तर सासूबाई म्हणतात, "अगं, यात अगस्त्य कुठाय?" समोर दक्षिणेला, व्याधाच्या बराच खाली, क्षितिजापासून दीड मूठ (हात लांब करून धरलेली एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश) वर मस्त चमकत होता, आणि चक्रावर पत्ताच नाही! उलटून पाहिलं तर मागे मुंगीएवढ्या अक्षरात, अक्षांश 40. इंदूर 22.7 वर आहे हो! 40 वरून उणे 50 क्रांतीच्या (म्हणजे डेक्लिनेशनच्या, आकाशातल्या अक्षांशाच्या) खालचं काही उगवतच नाही, अगस्त्य उणे 52.7. ध्रुव पण यांच्या चक्रात चार मुठी वर, आमच्याकडे जेमतेम सव्वादोन.

विक्रेत्याला लिहिलं, उत्तर आलं प्रॉडक्टमधे डिफेक्ट नाही, रिटर्न होणार नाही. अरे भिया, न्यूयॉर्कचं आकाश इंदूरच्या गच्चीवर घेऊन मी काय करू?

तर घेताना आधी अक्षांश विचारा, 20 ते 25 मधलं असेल तर डोळे मिटून घ्या. आणि आपलं घड्याळ 82.5 रेखांशाचं, इंदूर 75.9 वर, म्हणून चक्रावर वेळ लावताना 26 मिनिटं कमी धरा, हे पुस्तिकेत नाहीये.

आमच्या चक्रावर सासूबाईंनी रांगोळीसारखा एक ठिपका दिलाय, चंदेरी पेनाने, तबकडीच्या पार कडेला, जागा नव्हती तरी.