हरी ‘वि’ गिळणारा कॅमेरा : आठ महिन्यांनंतर

आमचे अप्पा कीर्तन करतात, नारदीय. वय ७६. आवाज अजून खणखणीत आहे, पण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचे दिवस गेले, म्हणून रामनवमीच्या आधी मी आयुष्यातला पहिला कॅमकॉर्डर घेतला. आजकाल कॅमकॉर्डर कोण घेतं, असं विचारणाऱ्यांनी एकदा एप्रिलच्या उकाड्यात फोन स्टँडला लावून दोन तासांचं कीर्तन घेऊन दाखवावं. माझा फोन उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, तापून बंद पडला होता. मेहुण्याचा डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपला आपण थांबतो. भर आख्यानात उठून बटण दाबायला गेलं की अख्खा सभामंडप आपल्याकडे बघतो, आणि बुवाही.

कॅमेरा वापरलेला, एव्हीसीएचडीवाला (म्हणजे कार्डावर एचडी फाइली करणारा), मुंबईला बोरा बाजारातून ९,५०० रुपयांना. दहाच्या आत बसवायचं हे घरातून निघतानाच ठरलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही.

दुकानदाराने आधी मिनीडीव्हीवाला, छोट्या टेपचा, काढला, चार हजारांना. मी जवळजवळ घेतलाच होता. टेप ६० मिनिटांची आणि आमचा पूर्वरंग त्याच्या आत संपतो. मध्यंतरात बुवांना हार-बुक्का होतो तेवढ्यात टेप बदलता आली असती. कीर्तनासाठीच बनवल्यासारखं माप! पण टेपवरचं संगणकात घ्यायचं तर तासाला तास बसून राहायचं, तासाचे १३ जीबी होणार, आणि त्यासाठी लागणारं फायरवायरचं भोक माझ्या लॅपटॉपला नाही. डीव्हीडीवाला अडीच हजारांना होता. आठ सेंटिमीटरची तबकडी, उत्तम दर्जाला २० मिनिटं, वर ती ‘फायनलाइझ’ केल्याशिवाय दुसरीकडे लागत नाही. त्याला हातही लावला नाही. अमेरिकेतला भाचा त्याचा जुना कॅमेरा फुकट देत होता, पण तो तिकडच्या ६० हर्ट्झच्या विजेच्या हिशेबाचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे देवळातल्या जुन्या चोकच्या ट्यूबखाली चित्र फडफडतं. शटर १/१०० वर नेलं की फडफड थांबते, पण मग अंधार. फुकट असूनही नको म्हणालो, हे माझ्या स्वभावाला धरून नाही, याची नोंद घ्यावी.

तर एव्हीसीएचडी. सेकंदाला १७ मेगाबिटवर दोन तासांचं कीर्तन १५ जीबीत बसतं, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात दोन कीर्तनं. झूम सुरेख, शेवटच्या रांगेतून अप्पांच्या कपाळावरचा बुक्का दिसतो. पहिल्या रात्री मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर बघायला बसलो. मूळपद झालं, अप्पांनी दोन्ही हात वर करून जयघोष केला, ‘पुंडलिक वरदे हरी... ठ्ठल!’

‘वि’ गायब.

मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा ‘ठ्ठल’. या कॅमेऱ्यात एक फाइल २ जीबीची झाली की तो ती बंद करून दुसरी उघडतो. (फॅट-३२ कार्डात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, हा तर त्याच्याही अलीकडे तोडतो.) १७ मेगाबिटने २ जीबी भरायला साडेसोळा-सतरा मिनिटं लागतात. दोन तासांत सात खाचा, प्रत्येक खाचेत अर्धा सेकंद आवाज नाही. तुम्ही म्हणाल, अर्धा सेकंद तो काय! पण एकदा कळलं की माणूस कीर्तन ऐकत नाही, खाच कधी येते याची वाट बघत बसतो. गणपतीपर्यंत मी हेच केलं. उत्तररंग काय होता विचाराल तर सांगता येणार नाही, खाच नेमकी कुठे पडली ते मात्र सांगतो.

सेवाकेंद्रात गेलो. ‘सर, हे मॉडेल बंद झालंय.’ मॉडेल बंद झालंय, कॅमेरा चालू आहे, असं मी म्हणालो. तपासणीचे ५९० रुपये घेतले आणि नऊ दिवसांनी चिठ्ठी हातात दिली: दोष आढळला नाही. मी काउंटरवर ‘ठ्ठल’ ऐकवलं. त्या मुलाने हात जोडले. मला की विठ्ठलाला, कळलं नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं, शेवटी पाचपैकी एकच तारा देऊन. आता तीन करतोय, कारण चिठ्ठी खरी निघाली.

कॅमेरा काही गाळत नाही. तो चित्र-आवाज न बघता नुसतं माप बघून तोडतो. ओळीच्या शेवटी शब्द अर्धा लिहावा आणि उरलेला पुढच्या पानावर, तसं. प्रत्येक फाइल वेगळी उघडली की अर्धवट तुकडा टाकून दिला जातो. जोडायचं काम कॅमेऱ्यासोबतच्या सीडीतला प्रोग्राम करायचा, पण जुन्या मालात सीडी कुठली मिळायला! विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) मात्र ‘कॉपी’, मग ‘स्लॅश बी’, मग फाइलींची नावं ओळीने, मध्ये अधिकचं चिन्ह, शेवटी नवं नाव, एवढ्यात काम होतं. फाइली कॅमेऱ्याने केलेल्या मूळच्या, एमटीएसच हव्यात, क्रम चुकता कामा नये. पाच मिनिटांत ‘हरी विठ्ठल’ अखंड आलं. रात्री साडेअकराला मी एकटाच मोठ्याने ‘विठ्ठल’ म्हणालो, बायको उठून बाहेर आली.

दोन तारे का कापले? झांज वाजली की कॅमेरा आपोआप आवाजाची पातळी खाली आणतो आणि अप्पांचे पुढचे दोन शब्द पुटपुटल्यासारखे येतात. चिपळ्या हलल्या की लॅपटॉपवर कंगव्यासारख्या रेघा दिसतात. ५० इंटरलेस्डचं, म्हणजे चित्राच्या रेघा एकाआड एक दोन हप्त्यांत टिपण्याचं, ते लक्षण, व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू केलं की जातात. बॅटरी दीड तास, दुसरी घ्यावीच लागते.

खरी चूक माझीच. पहिली तीन कीर्तनं मी तुकडेच एमपी४ करून ठेवली आणि जागा वाचवायला मूळ फाइली पुसल्या. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह वाचवला. त्या तिन्हीतल्या खाचा आता कायमच्या, रामनवमीचा ‘ठ्ठल’ धरून.

दत्तजयंतीचं कीर्तन जोडून अप्पांना दाखवलं. मग मुद्दाम रामनवमीचं लावलं आणि खाचेपाशी थांबवलं. ते म्हणाले, ‘अरे, मीच तिथे श्वास घेतला असेन. पुढे लाव, आख्यान चांगलं झालं होतं त्या दिवशी.’