कुठली गाडी घ्यावी, मित्सुबिशीची एव्हो नऊ की सुबारूची एसटीआय?
दोन्ही टर्बो, दोन्हींत चारही चाकांना ताकद. पण पाना स्वतः हातात घेणार असाल तर माझा कौल मित्सुबिशीच्या एव्होला. तिच्या २.० लिटर ४जी६३ इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा. बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला तरी बऱ्यापैकी सोसतो. स्पार्क प्लगही वरूनच निघतात. एसटीआयच्या २.५ लिटर बॉक्सर इंजिनात (सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे) ते प्लग दोन्ही बगलांना, बॉडीला खेटून, बोटं सोलवटणारच. शिवाय एसटीआयचं ट्यूनिंग (इंजिनाच्या कॉम्प्युटरची जुळणी) चुकलं की पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, म्हणून ट्यून न करता नुसता मोठा इनटेक (हवा आत घेणारा पाइप) बसवू नका. आवाज मात्र एसटीआयचाच, वादच नाही! टायमिंग बेल्ट दोघींचाही वेळेवर बदलावा लागतो. टायर चारही एकदम बदला. झीज कमीजास्त असली की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलची वाट लागते.