सौसर पट्ट्यातल्या मँगनीजवरचं साहित्य शोधताना : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन झालं आणि मॅडमनी पहिलंच काम दिलं: सौसर पट्ट्यातल्या मँगनीजवर आजवर जे काही छापून आलंय ते सगळं गोळा कर. पट्टा म्हणजे बालाघाटपासून भंडाऱ्यातून नागपूर जिल्ह्यापर्यंतचा. भारवेली, तिरोडी, चिखला, डोंगरी बुजुर्ग, कांद्री, मनसर, गुमगाव या खाणी ज्यात येतात तो. खाणींशी ओळख नोकरीमुळे जुनीच, त्यांच्यावरच्या लिखाणाशी मात्र नव्हती. तेव्हापासून गुगल स्कॉलर, जिओरेफ, आर्काइव्ह डॉट ऑर्ग, जीएसआयचं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं) पोर्टल, शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) वगैरे सगळं रोजच्या वापरात आहे. खनिज साठ्यांवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधीच सांगून टाकतो, या विषयात महाग साधन जास्त कामाचं, असं अजिबात नाही. आपल्या पट्ट्यावरचं पायाभूत काम बहुतेक १९६५ च्या आधीचं आहे, आणि नंतरचं बरंचसं सरकारी रिपोर्टांत आहे. आंतरराष्ट्रीय डेटाबेस नेमके या दोन्ही बाबतींत कमी पडतात.

सुरुवात सगळे करतात तशी गुगल स्कॉलरवरून केली. ‘मँगनीज डिपॉझिट’ असं टाकलं की पहिल्या काही पानांवर इलेक्ट्रोडवर मँगनीज ऑक्साइडचा थर कसा चढवायचा, बॅटरीचा कॅथोड कसा बनवायचा, हेच. ‘इकॉनॉमिक’ जोडलं तर स्टीलच्या बाजारभावावरचे लेख. शोध नेमका करायचा तर खडकाचं नाव टाकावं लागतं. ‘गोंडाइट’ टाकलं की कचरा जवळजवळ संपतो. स्पेसार्टिन (मँगनीजयुक्त) गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या या खडकाला जीएसआयचे जुने भूवैज्ञानिक फर्मॉर यांनी गोंड लोकांवरून नाव दिलं, आणि आता तेच नाव घाना, बुर्किना फासो, ब्राझीलपर्यंत वापरात आहे. त्यामुळे आपल्याकडचे पेपर मिळतातच, शिवाय तुलनेसाठी पश्चिम आफ्रिकेतलेही आपोआप हाती लागतात. ‘सौसर ग्रुप’ (या पट्ट्यातल्या खडकांच्या गटाचं नाव) हाही चांगला शब्द, फक्त सौसर तालुक्यातल्या संत्र्यांवरचे आणि भूजलावरचे लेख मधूनमधून डोकावतात.

स्कॉलरचा खरा फायदा ‘साइटेड बाय’मध्ये आहे. एक जुनं बुलेटिन घ्यायचं आणि त्याचा उल्लेख कोणी कोणी केला ते बघत खाली यायचं. मी अर्ध्याहून जास्त यादी अशीच उभी केली. मर्यादाही लक्षात ठेवा: कुठल्याही शोधाचे एक हजाराच्या पुढचे निकाल स्कॉलर दाखवतच नाही, आणि आपल्या जुन्या साहित्याच्या बऱ्याच नोंदी नुसत्या ‘सायटेशन’ म्हणून असतात. म्हणजे पेपर अस्तित्वात आहे एवढंच कळतं. पुढचं आपण बघायचं.

आता जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते. राज्याच्या नावाने शोधू नका. शोधायचंच असेल तर सगळ्या नावांनी शोधा. नागपूर आणि भंडारा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते, मग मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. मध्य प्रदेश हे नाव येण्याआधीचं सगळं सेंट्रल प्रोव्हिन्सेस. आता बघा: या पट्ट्यावरचा स्ट्राझेक, नारायणस्वामी आणि सहकाऱ्यांचा महत्त्वाचा पेपर मेक्सिकोच्या विसाव्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक काँग्रेसमधल्या मँगनीज परिसंवादाच्या खंडात, १९५६ साली आला. शीर्षकात फक्त मध्य प्रदेश आहे, कारण तेव्हा मनसर आणि डोंगरी बुजुर्ग मध्य प्रदेशातच होते. त्याच मंडळींचं १९६३ चं जीएसआय बुलेटिन, मालिका ए, क्रमांक २२, त्यात मात्र ‘मध्य प्रदेश आणि लगतचा महाराष्ट्र’ आलं. खाणी जागच्या जागी, मधल्या सात वर्षांत राज्य बदललं. ‘महाराष्ट्र मँगनीज’ एवढंच टाकणाऱ्याला पहिला पेपर कधीच दिसणार नाही. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्याचंही हेच.

गोव्याच्या मित्रांची अडचण आणखी वरची. १९६१ च्या आधीचं तिथलं साहित्य पोर्तुगीजांच्या दप्तरात. ओर्टेल यांचा गोव्याच्या भूरचनेवरचा १९५८ चा अभ्यास पोर्तुगालच्या भूशास्त्रीय सेवेच्या नियतकालिकात आलेला आहे, आणि इंग्रजीत कितीही शब्द फिरवले तरी तो वर येत नाही. ‘जिओलॉजिया’, ‘डिस्त्रितो दे गोवा’ असं पोर्तुगीजच टाकावं लागतं.

गावांच्या स्पेलिंगचाही घोळ आहे. चिखल्याचंच दोन-तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं. फर्मॉरच्या काळात नावांतल्या अक्षरांवर उच्चाराच्या रेघा द्यायची पद्धत होती, आणि स्कॅनमधून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर त्या रेघांपाशी हमखास अडखळतं. त्यावर उपाय टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा क्रमांक दिलेला स्थलदर्शक नकाशा. मनसर-रामटेक ५५ ओ/७ मध्ये येतं. राज्य बदलो, जिल्हा बदलो, जुन्या पद्धतीचा शीट नंबर तोच राहतो आणि जीएसआयच्या रिपोर्टांत तो जवळपास नेहमी दिलेला असतो. हा एक आकडा मला सगळ्या डेटाबेसपेक्षा जास्त उपयोगी पडला.

जिओरेफबद्दल. अमेरिकन जिओसायन्सेस इन्स्टिट्यूटचा हा डेटाबेस १९६६ पासूनचा, भूशास्त्रातला सगळ्यात नावाजलेला. आमच्याकडे सदस्यत्व नाही, दुसऱ्या एका संस्थेच्या ग्रंथालयात बसून वापरला. विषयवार शब्दसूची उत्तम आहे. ब्राउनाइट या मँगनीजच्या खनिजावरचे पेपर म्हणजे ब्राउनाइटवरचेच मिळतात, बॅटऱ्या मध्ये येत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतलं कालाहारी किंवा युक्रेनमधलं निकोपोल यांच्याशी तुलना करायची तर याला तोड नाही. पण उत्तर अमेरिकेचं साहित्य त्यात १६६६ पासून आहे आणि उर्वरित जगाचं १९३३ पासून. फर्मॉरचा ग्रंथ १९०९ चा. म्हणजे आपल्या विषयाचा पायाच त्या रेषेच्या आधीचा, डेटाबेसच्या बाहेर पडतो. फक्त यासाठी पैसे भरावेत का, तर आपल्या पट्ट्यापुरतं नाही. जगभरच्या साठ्यांचं वर्गीकरण करायचं असेल तर हो.

फर्मॉरचा ग्रंथ म्हणजे जीएसआयच्या मेमॉयर्सचा ३७ वा खंड, हजाराहून जास्त पानांचा. भारतातल्या मँगनीजवर त्यानंतर इतकं सविस्तर एकहाती कुणी लिहिलेलं माझ्या बघण्यात नाही. खाणीगणिक वर्णन आहे: थर कुठल्या दिशेला किती कलतो, सोबत कुठला खडक, धातुकाचं (ओअरचं) पृथक्करण काय. आज पाण्याखाली गेलेल्या किंवा बुजवलेल्या खड्ड्यांबद्दल दुसरा पुरावाच नाही. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर असले जुने खंड फुकट मिळतात. मजकूर वाचायला ठीक. तक्त्यांतले आकडे मात्र ओळखलेल्या मजकुरातून कॉपी करू नका, पानाचं चित्र उघडून डोळ्यांनी वाचा. तीनचा आठ आणि एकचा सात सर्रास झालेला असतो, आणि मँगनीजच्या टक्केवारीत तो फरक ग्रेडच बदलून टाकतो.

सगळ्यात वाईट अवस्था नकाशांची. जुन्या ग्रंथांचे मोठे नकाशे घडी घालून बांधलेले असतात आणि स्कॅन करणाऱ्याने बहुतेक वेळा घडी न उघडताच पान उलटलेलं असतं. स्क्रीनवर काय दिसतं? नकाशाचा एक कोपरा, स्केलपट्टीचं अर्धं टोक, आणि मागून उमटलेली उलटी अक्षरं. थर कुठे दुमडतोय हे ज्या रेषांवरून कळणार त्या सगळ्या घडीच्या आत. शेवटी नागपुरातल्या एका जुन्या ग्रंथालयात जाऊन बसलो. बुलेटिनच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कापडाचा खिसा होता, त्यात नकाशा. मी उभी घडी उलगडायला गेलो तर तिथले काका म्हणाले, “अहो, आधी आडवी उघडा. उभी आधी उघडली की मधोमध फाटते. तीन जणांनी फाडून झालीये.” खरंच, मधोमध पिवळी पडलेली टेप होती आणि टेपखाली नेमका मनसरचा भाग. तरीही टेबलावर पसरलेला तो नकाशा बघून पट्ट्याच्या घड्या जितक्या कळल्या तितक्या कुठल्याही पीडीएफमधून कळल्या नव्हत्या. फोटो काढायची परवानगी लेखी अर्ज दिल्यावर मिळाली.

जीएसआयच्या पोर्टलवर नोंदणी फुकट आहे आणि अप्रकाशित म्हणून जे रिपोर्ट पूर्वी फक्त कार्यालयात बसून बघता येत त्यांतले बरेच आता डाउनलोड होतात. रिपोर्टची ओळख फील्ड सीझनच्या वर्षाने असते, लेखकाच्या नावाने शोधत बसू नका. रिपोर्ट कुठल्या टप्प्याचा आहे तेही बघून घ्या: जी-४ म्हणजे प्राथमिक पाहणी, जी-१ म्हणजे सविस्तर समन्वेषण. जी-४ च्या रिपोर्टमधला साठ्याचा अंदाज जी-१ च्या आकड्याशेजारी एकाच तक्त्यात मांडलेले प्रबंध मी वाचलेत, आणि परीक्षकांनी ते पास केलेत. डिसेंबर २०२३ मध्ये खाण मंत्रालयाने नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी सुरू केली. तिथे भूरासायनिक आणि भूभौतिक डेटाचे थर मिळतात. हे साहित्य नव्हे, पण जुन्या पेपरातलं एखादं विधान ताडून बघायला चांगलं.

आकडेवारीसाठी इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं इंडियन मिनरल्स इयरबुक. कार्यालय नागपुरातच, पण जायची गरज नाही, सगळं वेबसाइटवर आहे. उत्पादन, ग्रेड, राज्यवार साठे. संदर्भ देताना वर्ष नीट लिहा, एवढंच.

पेवॉलचं, म्हणजे पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या पेपरांचं काय? वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली: तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार जर्नल्स, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. सरकारी विद्यापीठात असाल तर एल्सेव्हिअर आणि स्प्रिंगरचं बहुतेक उघडतं. म्हणजे ‘ओअर जिऑलॉजी रिव्ह्यूज’ आणि ‘मिनरॅलियम डिपॉझिटा’ आले. या दोन जर्नल्सनी माझी नव्या साहित्याची गरज बऱ्यापैकी भागवली. १९०५ पासून चालत आलेलं ‘इकॉनॉमिक जिऑलॉजी’ मात्र आमच्या लॉगिनवर उघडत नाही. तिथे लेखकांना ईमेल करतो. चार ओळींचा, नेमका कुठला पेपर आणि कशासाठी हे सांगणारा मेल असेल तर बहुतेक जण पाठवतात. निवृत्त भूवैज्ञानिक तर सोबत दोन पानांचा सल्लाही पाठवतात, आणि तो पेपरपेक्षा भारी असतो. खासगी कंपनीत काम करणाऱ्यांना ही योजना लागू नाही, त्यांनी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या) पब्लिकेशन्स वेअरहाउसकडे वळावं. तिथे खनिज साठ्यांच्या प्रारूपांचं १९८६ चं बुलेटिन १६९३ फुकट आहे, गाळजन्य मँगनीजचं प्रारूपही त्यात आहे. जुनं आहे, पण ते वाचल्याशिवाय नव्या पेपरांतले वाद कळत नाहीत.

शोधगंगा: वापरा, पण प्रबंधातला मजकूर नव्हे, त्याची संदर्भसूची वाचायला. प्रकरणागणिक वेगळ्या फाइली असल्याने सूची थेट उघडता येते. सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो अनेक प्रबंधांत काळे ठिक्कर आलेले असतात. धातुक-खनिजांच्या प्रबंधात फोटोच काळे, मग उरलं काय?

एआय चॅटबॉटही वापरून बघितला, कारण ऑफिसातली पोरं दिवसभर त्यावरच असतात. डोंगरी बुजुर्गच्या डायऑक्साइड धातुकावर संदर्भ मागितले. छान यादी आली, जर्नल खरं, खंड खरा, पान नंबरसकट. तो अंक काढला तर त्या पानांवर ग्रॅनाइटवरचा लेख. पेपर मिळाल्यावर त्यातला लांबलचक परिच्छेद समजून घ्यायला, किंवा पोर्तुगीज सारांश वाचायला, ही साधनं ठीक. संदर्भ शोधायला अजिबात नाही.

हे सगळं झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. फुकट आहे, आणि प्रत्येक नोंदीला टॅग लावता येतात. मी तीन टॅग लावतो: टोपोशीट, खाणीचं आजचं नाव, आणि प्रकाशनाच्या वेळचं राज्य. डीओआय (प्रकाशनाचा कायमचा डिजिटल ओळख-क्रमांक) नसलेल्या जुन्या रिपोर्टांची नोंद हाताने करावी लागते, त्यात वेळ जातो.

१९६३ च्या त्या बुलेटिनचे नकाशे कुणाकडे पूर्ण उलगडून, सपाट स्कॅन केलेले असतील तर कृपया कळवा. माझ्याकडच्या फोटोंत मनसरवर टेप आहे.