दीडशेच्या लेन्समध्ये मी कसा फसलो

फोर बाय फाइव्ह कॅमेऱ्याला (४ बाय ५ इंची सुट्या फिल्मचा मोठा कॅमेरा) १५० मिमीची लेन्स नॉर्मल, म्हणजे ना वाइड ना टेली, कारण फिल्मचा कर्ण जवळपास तेवढाच भरतो. मला एवढंच पाठ होतं, आणि तेवढ्यावरच मी फसलो.

विकणारा ओळखीच्या ओळखीतला. "दादा, श्नायडरची सिमार-एस, १५०, ५.६, काचा एकदम स्वच्छ." त्याने पाठवलेल्या फोटोत पुढच्या रिंगवर फ्लॅशची तिरीप होती, नाव वाचताच येत नव्हतं. साताऱ्यात पोवई नाक्यावर संध्याकाळी भेटला, एसटी सुटेल म्हणून घाई करत. मी टॉर्च मारून बुरशी पाहिली (आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर पहिली भीती तीच), १/६० ला शटर दोनदा वाजवलं. रिंगवर 'कॉम्पोनॉन' लिहिलं होतं. विचारलं, तर म्हणाला, "सिमारचंच जुनं नाव." २६,००० रुपये दिले.

रविवारी मेणवलीच्या घाटावर गेलो. देवळाचं शिखर फ्रेममध्ये यावं म्हणून कॅमेरा सरळ ठेवून लेन्स २० मिमी वर सरकवली (या कॅमेऱ्यात तशी सोय असते). निगेटिव्ह धुतली, तर आकाशाचे दोन्ही कोपरे आधी मऊ, मग कोरे, प्रकाशच न पोचलेले.

कॉम्पोनॉन ही एनलार्जरची, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायच्या यंत्राची लेन्स. एनलार्जरमध्ये ती निगेटिव्हपासून जरा लांब असते, म्हणून कोपऱ्यांपर्यंत पुरते. कॅमेऱ्यात दूरचा फोकस लावला की ती फिल्मजवळ येते आणि तिचं फिल्मवर पडणारं प्रकाशाचं वर्तुळ आक्रसतं. फिल्मपुरतं उरतं, सरकवायला जागा नाही. खऱ्या सिमार-एसचं वर्तुळ एफ/२२ ला, म्हणजे अॅपर्चरचं भोक बारीक केल्यावर, २१० मिमी असतं. शटरही धड नव्हतं. फोनवर आवाज रेकॉर्ड करून मोजलं, तर एक सेकंदाला तीन सेकंद लागत होते. फोन केला. "तुम्ही बघून घेतलीत ना," एवढंच उत्तर. पुढे फोन उचलणंच बंद.

मी करायला हवं होतं ते हे: स्वतःचा कॅमेरा घेऊन जायचं, लेन्स त्यावर बसवायची, दूरवर फोकस करून एफ/२२ लावायचं, हवी तेवढी वर सरकवायची आणि ग्राउंड ग्लासच्या (फोकस पाहायची मागची दुधी काच) कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे पाहायचं. अॅपर्चरचं भोक पूर्ण दिसलं पाहिजे. लिंबाच्या फोडीसारखं चेपलेलं दिसलं, तर तिथे प्रकाश पोचत नाही. पाच मिनिटांचं काम. जो एवढा वेळ देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

परवा सांगलीच्या मित्राला एकाने १५० ची 'सिमार' दाखवली. फोटोत रिंगवर तशीच तिरीप आहे.