हॅकिंटॉशची स्क्रीन काळी, स्लीपही बिघडलेली: इंटेल ग्राफिक्सवरच राहावं की एएमडी कार्ड घ्यावं?

हॅकिंटॉश म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस चालवलेलं मशीन. ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी एक साधी परीक्षा करा. मशीन स्लीपला पाठवा आणि उठवा. स्क्रीन काळीच राहिली तर कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर मॅकओएस जागं आहे, फक्त डिस्प्ले उठलेला नाही. हा प्रश्न ग्राफिक्सचा. दिवा हलतच नसेल तर अख्खं मशीन अडकलंय. आणि स्लीपला जाऊन दोन-चार सेकंदांतच ते आपोआप जागं होत असेल, तर दोष बहुतेक वेळा यूएसबीचा असतो. त्यासाठी कार्डावर पैसे घालवू नका. नवं कार्ड बसवूनही तोच त्रास राहील.

इंटेलचं यूएचडी ६३० म्हणजे आठव्या ते दहाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधलं ग्राफिक्स. यावर खर्च शून्य, पण डिस्प्लेची डोकेदुखी जास्त. कारण असं की मॅकओएसच्या ड्रायव्हरमध्ये पोर्टांची मांडणी खऱ्या मॅकची असते, आपल्या मदरबोर्डची नाही. म्हणून लोडिंगची पट्टी अर्ध्यावर येते आणि एचडीएमआयवरचं चित्र जातं. बूटलोडरच्या (मॅकओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिग फाइलमधल्या डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये प्लॅटफॉर्म आयडी ०७००९बी३ई द्या, फ्रेमबफर पॅच (पोर्टांची मांडणी बदलणारा) चालू करा, ज्या कनेक्टरला एचडीएमआय जोडलंय त्याचा टाइप ०००८०००० करा आणि बस-आयडी १, २, ४ असे पालटून बघा. डिस्प्लेपोर्ट असेल तर टाइप ०००४००००. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने जमलं ते कळत नाही. बायोसमध्ये डीव्हीएमटीसाठी, म्हणजे इंटेल ग्राफिक्सला राखून दिलेल्या मेमरीसाठी, ६४ एमबी ठेवा. तो पर्यायच नसेल तर स्टोलनमेमचा १९ एमबीचा पॅच लागतो.

बूटला चित्र येतं पण स्लीपनंतर येत नाही, अशी तक्रार असेल तर बूट-आर्ग्युमेंटमध्ये (मशीन सुरू होताना मॅकओएसला दिलेल्या सूचनांमध्ये) आयजीएफएक्सऑनलन=१ (igfxonln=1) घाला. व्हॉटएव्हरग्रीन हे ग्राफिक्सचं एक्स्टेन्शन मग सगळे डिस्प्ले जोडलेलेच आहेत असं धरतं. कॅटालिना १०.१५.४ पासून कॉफी लेकवर दिसणाऱ्या या काळ्या स्क्रीनवर हा उपाय अनेकदा पुरतो.

एएमडी कार्डाचं तसं नाही. आरएक्स ५७०, ५८० ही पोलारिस कार्डं मॅकओएस थेट ओळखतं, कनेक्टरची झटापट करावी लागत नाही. आरएक्स ५५००, ५६००, ५७०० आणि ६६००, ६८००, ६९०० या ‘नावी’ (Navi) पिढीच्या कार्डांना मात्र एजीडीपीमॉड=पिकेरा (agdpmod=pikera) हे बूट-आर्ग्युमेंट हवंच. ते नसेल तर पट्टी संपते आणि लॉगिनऐवजी काळी स्क्रीन येते, कारण ड्रायव्हर मॅकचा बोर्ड-आयडी तपासतो आणि डिस्प्लेचे पोर्ट बंद ठेवतो. ६६०० आणि ६६०० एक्सटी मॉन्टेरे १२.१ पासून चालतात. आरएक्स ६७०० एक्सटी, ६५०० एक्सटी आणि संपूर्ण ७००० मालिकेला ड्रायव्हरच नाही. ५५० घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर लेक्सा चिप असते आणि ती नीट चालत नाही. एनव्हिडियाची मॅक्सवेल आणि पास्कल कार्डं हाय सिएरा या जुन्या आवृत्तीपाशीच थांबली.

कार्ड बसवल्यावर इथे हमखास चूक होते: यूएचडी ६३०चा प्लॅटफॉर्म आयडी तसाच राहतो. तो आठव्या-नवव्या पिढीत ०३००९१३ई आणि दहाव्या पिढीत ०३००सी८९बी करा, म्हणजे इंटेल ग्राफिक्स डिस्प्लेपासून बाजूला होतं आणि फक्त व्हिडिओ एन्कोड-डिकोडला उरतं. मॉनिटरची केबलही कार्डालाच लावा. प्रोसेसर एफ मालिकेचा असेल, म्हणजे आतलं ग्राफिक्सच नसेल, तर एसएमबायोस (मॅकओएसला दाखवायचं मॅक मॉडेल) आयमॅकऐवजी आयमॅक प्रो १,१ किंवा मॅक प्रो ७,१ निवडा.

तर निवड अशी: एक मॉनिटर आणि ऑफिसचं काम असेल तर यूएचडी ६३० पुरे, फक्त पॅचसाठी वेळ काढा. दोन-तीन मॉनिटर, व्हिडिओ एडिटिंग, किंवा अकराव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर असेल तर कार्डाशिवाय गत्यंतर नाही. मात्र महागडं कार्ड घेऊ नका. मॅकओएस २६ टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती आहे, आणि तिला एसएमबायोस म्हणून आयमॅक १९,१ किंवा आयमॅक प्रो १,१ चालत नाही, आयमॅक २०,१ किंवा मॅक प्रो ७,१ लागतो.

स्लीपची कामं दोन्हींकडे सारखीच. टर्मिनलमध्ये पीएमसेट या कमांडने हायबरनेटमोड, स्टँडबाय, ऑटोपॉवरऑफ आणि पॉवरनॅप शून्य करा. मग यूएसबी मॅप करा, म्हणजे कोणते पोर्ट वापरायचे ते मॅकओएसला सांगा. एका कंट्रोलरवर १५ पोर्टांची मर्यादा आहे, आणि निळं यूएसबी ३ सॉकेट दोन पोर्ट मोजलं जातं: एक हायस्पीड, एक सुपरस्पीड. पोर्ट लिमिट काढणारा जुना क्वर्क (बूटलोडरमधला पर्याय) बिग सर ११.३ पासून चालत नाही, त्याच्यावर विसंबू नका. ब्लूटूथ ज्या आतल्या पोर्टवर आहे त्याचा टाइप २५५ ठेवा, नाहीतर ते बाहेरचं उपकरण समजलं जातं आणि स्लीप मोडतं.

एवढं करूनही मशीन लगेच जागं होत असेल तर पीएमसेट -जी लॉगमध्ये वेक रीझन बघा. एक्सएचसी दिसलं तर यूएसबी, जीएलएएन दिसलं तर नेटवर्क कार्ड. आधी बायोसमधलं वेक ऑन लॅन बंद करा. तरीही थांबलं नाही तरच एसएसडीटी-जीपीआरडब्ल्यू (उपकरणांना मशीन उठवू न देणारी फाइल) आणि सोबतचा जीपीआरडब्ल्यू ते एक्सपीआरडब्ल्यू हा एसीपीआय पॅच लावा. त्याने झोप टिकते, पण कीबोर्ड-माउसने मशीन उठवणं बहुधा जातं आणि पॉवर बटण दाबावं लागतं. ते चालणार नसेल तर पॅच काढून यूएसबी मॅपकडे परत जा आणि एकेक पोर्ट पुन्हा तपासा.